दोन थापा

बालाघाट,
दि. १५ ऑक्टोबर १९६७

पुनारामास नथ्थूचा जयभीम.

जिजावहिनीची तब्येत कशी आहे? थंडी सुरू झाली की तिचा गुडघा धरतो, आतापासूनच तेल चोळायला सांग. इकडे सर्व ठीक आहे. दसऱ्याला तुम्ही दोघं नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आला असाल. मी यंदा गेलो नाही. गर्दी फार असते, आणि मला इथे कामं होती.

अक्षर मोठं दिसेल. हसू नकोस. कागदाला पैसे पडतात हे मलाही कळतं, पण मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक लिहिण्यात काय मजा आहे?

तुला तिरोडीच्या खाणीच्या फाटकावर बसायचं काम मिळालं, असं स्टँडवरचा भैयालाल म्हणाला. बसून पगार म्हणजे तू साहेबच झालास. शेठनंच लावून दिलं असेल. माझ्या पाठीमागे गाडीमालक घनश्याम शेठकडे जाऊन "नथ्थूले आता दिसत नाही" असं सांगणाऱ्या माणसाला शेठ बक्षीस देणारच. बारा वर्षं एका गाडीवर काढलेला माझा कंडक्टर असं करेल, हे मात्र मला वाटलं नव्हतं. झालं तरी काय होतं? गुजरीच्या, त्या भाजीबाजाराच्या रस्त्यात वरात चालली होती, बँड वाजत होता, आणि आपली गाडी एका सायकलवाल्याच्या मडगार्डला घासली. तो पडलासुद्धा नाही. असो. ते लिहायला हे पत्र घेतलेलं नाही.

आपली उकव्याची बस आता दुलीचंद चालवतो. पोरगा वाईट नाही, पण गुजरीत आला की हॉर्नवरचा हात काढत नाही. त्याचा कंडक्टर पत्र्यावर थाप मारतो ती अशी, की आत बसलेल्या माणसालाही ऐकू येऊ नये. तुझी थाप अर्ध्या बाजाराला ऐकू जायची. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आणि भराभर तीन म्हणजे डावीकडे कोणीतरी आहे, जपून. स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे गाडीची डावी बाजू मला कधी नीट दिसलीच नाही. ती तू पाहायचास आणि मी ऐकायचो. लोकांना वाटायचं, नथ्थू ड्रायव्हर वांग्याच्या टोपलीला न शिवता गाडी काढतो.

मी सायकल घेतली आहे. हिरवी, जुनी, पण घंटी नवी. या वयात कशाला, असं म्हणू नकोस. चाकावर बसायची सवय लागलेल्या माणसाला पायी चालणं कमीपणाचं वाटतं. गाडीच्या सीटवरून मला हे सायकलवाले म्हणजे गुळावरच्या माश्या वाटायचे. भरवेलीच्या खाणीची पाळी सुटली की तिघं तिघं शेजारी चालवत, गप्पा मारत येतात, आणि मी वरून शिव्या घालायचो. आता मी त्यांच्यात आहे आणि मागून गाडी आली की माझीच मान खांद्यात जाते. ज्याचं जळतं त्याला कळतं.

उत्तराची घाई नाही. मी काही वाट पाहत बसलेलो नाही.

नथ्थू (ड्रायव्हर)

&nbsp;

बालाघाट,
दि. २२ नोव्हेंबर १९६७

पुनाराम, जयभीम.

तुझं पत्र आलं नाही. छोट्या रेल्वेनं टपाल येतं, ती कटंगीकडेच कुठे म्हशीसाठी थांबली असेल असं मी धरून चाललो आहे.

सायकल विकली. चेन सारखी उतरायची. शेजारचा खेमराज भरवेलीच्या खाणीत आहे, त्याला पायी जावं लागायचं, त्यानं घेतली. पोरगा भला आहे. येता-जाता माझ्या दारापुढे घंटी वाजवतो. मला वाटतं तो मुद्दाम वाजवतो, कारण दारापुढे रस्त्यात कोणीच नसतं.

विकण्याला आणखी एक कारण झालं. शेवंताबाई आठवते ना, गुजरीच्या तोंडाशी भोपळे घेऊन बसणारी? गाडी आली की तू उतरून जिची टोपली आत सरकवायचास ती. तिच्या भोपळ्यांवर माझी सायकल गेली. बाई रस्त्यात इतकी पुढे बसते की कोणाचीही जावी. मी हँडल धरून भोपळ्यांत पडलो आणि ती वर उभी राहून म्हणाली, "काहून गा नथ्थू, तुले दिसत नाही का?" सगळी गुजरी हसली. मीही हसलो. मग घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही. तिचे शब्द तुझेच होते म्हणून राग आला, बाकी काही नाही.

तुळसा होती तेव्हा मी उशिरा घरी आलो की ती बोलत बसायची आणि मला झोप यायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. आता मला झोप येत नाही आणि बोलणारं कोणी नाही. मूलबाळ असतं तर वेगळं झालं असतं. एका माणसाचा भात शिजवणं फार कठीण आहे बघ. कितीही कमी तांदूळ घेतला तरी उरतोच.

सकाळी स्टँडवर जाऊन बाकावर बसतो. ड्रायव्हर लोक "बसा काका" म्हणतात, चहा सांगतात, आणि आपल्या गाडीकडे निघून जातात. गाड्या आवाजावरून ओळखतो. उकव्याची आपली गाडी निघते तेव्हा दुसऱ्या गिअरला अजून तशीच कण्हते. ती गेली की उठून घरी येतो. येताना भिंतीच्या कडेकडेनं चालतो, कारण रस्त्यावर आता शिस्त राहिलेली नाही.

जिजावहिनीला सांग, तिच्या हातच्या आंबाडीच्या भाजीची आठवण येते.

नथ्थू

&nbsp;

बालाघाट,
दि. ९ जानेवारी १९६८

भाऊ पुनाराम, जयभीम.

तू उत्तर दिलं नाहीस तरी हे तिसरं पत्र लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. कागदाला नाक लावून लिहितोय. वाचता आलं नाही तर वहिनीला दाखव, तिला माणसाचं वाकडं-तिकडं कळतं.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी गुजरीत गाडीखाली येता येता राहिलो.

धुकं होतं. तसं माझ्यासाठी ते उन्हातही असतं. गुजरीच्या तोंडाशी रस्ता ओलांडायला उभा होतो. समोरून खाणीचे सायकलवाले, मधून शाळेच्या पोरी, एक बैलगाडी आडवी, आणि माझ्या उजव्या हाताला एक मोटार उभी. टपावर कोणीतरी पोती बांधत होतं. मोठं काहीतरी उभं आहे एवढं मला कळत होतं. मी बराच वेळ थांबलो. ज्या रस्त्यानं मी बारा वर्षं गाडी काढली, तो पायी ओलांडायचं मला धैर्य होईना. दोन बायका मला ओलांडून गेल्या. त्यांच्यामागे जावं असं वाटलं, पण कोणाच्या पदराआड चालायची लाज वाटली.

तेवढ्यात अगदी कानाशी पत्र्यावर दोन थापा पडल्या.

पुनाराम, मी निघालो. विचार केलाच नाही. दोन थापा म्हणजे रस्ता मोकळा, दोन थापा म्हणजे चल नथ्थू. बारा वर्षांत दोन थापांवर मी कधी थांबलो नाही. पाय आपोआप उचलला, क्लच सोडावा तसा. त्या थापा गाडीला होत्या, मला नव्हत्या, हे लक्षात यायच्या आत मी गाडीच्या नाकापुढे होतो आणि गाडीही निघाली होती. मी डाव्या अंगाला. तिकडचं दुलीचंदला कुठून दिसणार? मलाही कधी दिसलं नव्हतं.

समोरून खेमराज पाळी संपवून येत होता. त्यानं सायकल टाकली आणि मला धक्का दिला. आम्ही दोघं पालकाच्या जुड्यांवर पडलो. आणि पत्र्यावर एक थाप पडली. एकच, पण अशी, की मला वाटलं तू आलास. गाडी जागेवर थांबली. हिरव्या सायकलचं पुढचं चाक गाडीखाली गेलं होतं.

थाप शेवंताबाईनं मारली होती. गाडीच्या अंगाशीच तिचं दुकान. इतकी वर्षं तुझ्या थापा ऐकून बाईला त्या पाठ झाल्या आहेत. तिचा तळवा नंतर चांगलाच सुजला.

दुलीचंद वरून ओरडला, "ओ बुढ्ढे, मरना है क्या? अंधा है क्या?" हे मी रोज कोणाला तरी म्हणायचो. तू म्हणायचास, "जाऊ दे ना गा, पायी चालून राह्यला बिचारा." दुलीचंदनं मला ओळखलं तेव्हा तो खाली उतरला आणि माझा हात धरून उभा राहिला. "काका, तुम्ही? मले काय मालूम," एवढंच म्हणत होता. त्यानं शिवीच देत राहायला हवं होतं, ते बरं झालं असतं.

मग एक गोष्ट झाली. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी घंटी वाजवली नाही. खाणीचे लोक सायकलवरून उतरले. बैलगाडीवाल्यानं बैल धरले. शेवंताबाईनं त्याच हातानं माझं मनगट धरलं आणि सगळ्या गुजरीमधून मला घरी आणलं. गाडी मागे उभी होती. आम्ही वळेपर्यंत ती निघाली नाही, ते मी ऐकत होतो.

आता जे लिहीत नव्हतो ते लिहितो.

शेवंताबाई रस्त्यात पुढे बसत नाही. ती पूर्वी बसायची तिथेच बसते. सायकलची चेनही चांगली होती. मला दिसत नाही. उजव्या डोळ्यानं उजेड तेवढा कळतो, डाव्यानं माणसाची सावली. तू शेठला सांगितलंस तेव्हाही असंच होत आलं होतं.

संध्याकाळी दुलीचंद घरी आला. मी त्याला विचारलं, पुनारामला खाणीत शेठनं लावलं ना? तो म्हणाला, "नाही काका, शेठनं त्याले लय समजावलं का गाडी सोडू नको म्हणून. तो म्हने, माह्या हातानं दुसऱ्यासाठी थाप पडत नाही. अन् गेला." हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं म्हणा.

तो गेल्यावर मी पडल्या पडल्या आपलं शेवटचं वर्ष आठवत होतो. त्या वर्षी तुझ्या थापा फार वाढल्या होत्या. "ढोलकी घेऊन ये ना," असं मी तुला एकदा चिडून म्हणालो होतो. त्या सगळ्या डाव्या बाजूच्या नव्हत्या. तू मागच्या दारातून लोंबकळून माझी उजवी बाजूही पाहत होतास. समोरचीही. वर्षभर गाडी तूच चालवत होतास आणि पगार ड्रायव्हरचा मी घेत होतो. मग त्या वरातीच्या बँडमध्ये तुझी थाप मला ऐकू आली नाही, मडगार्ड घासलं, आणि तू घाबरलास. त्यानंतर तू शेठकडे गेलास. माझ्याकडे आला असतास तर मी तुला मारलं असतं, हेही खरं.

खेमराजनं मला गोंदियाला नेलं. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. उजवा पिकला आहे. या महिन्याच्या शेवटी तिथे डोळ्यांचं शिबिर आहे, त्यात काढतात. काढल्यावर डोळे बांधून पाठीवर पडून राहायचं, मान हलवायची नाही, पाणीसुद्धा कोणीतरी पाजायचं. म्हणून सोबत घरचा माणूस असेल तरच घेतात. खेमराजला खाणीतून तेवढी सुट्टी मिळत नाही, आणि मी ती मागूही देणार नाही. त्याच्या सायकलचं चाक आधीच माझ्यापायी गेलं.

कंपाउंडरनं विचारलं, घरचं कोण आहे? मी तुझं नाव सांगितलं. कोण लागतो म्हणाला. माझी डावी बाजू लागतो, हे त्याला काय कळणार? भाऊ लागतो म्हणालो. तुला न विचारता सांगितलं, त्याचा राग धरू नकोस. दुसरं नाव मला आलं नाही.

तू आला नाहीस तर मी गोंदियाला जाणार नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. तिथे घेणारच नाहीत.

येशील तेव्हा स्टँडवर उतरून सरळ घरी ये. मला हाताला धरून नेऊ नकोस. गुजरीतून मी पुढे चालेन, तू मागे राहा, आणि पाठीवर थाप मार, पूर्वी पत्र्यावर मारायचास तशीच. लोकांना वाटू दे, नथ्थू ड्रायव्हर कसा नीट चाललाय.

गोंदियाची ती एक खेप सोडली तर त्या दिवसापासून मी रस्त्यावर गेलेलो नाही. घरातच असतो.

तुझ्या दोन थापा पडेपर्यंत थांबलेला,
नथ्थू