उपग्रहाचं पांघरूण आणि आजोबांचं अंगुस्तान

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या शिंपी भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला (आणि खोकल्यावरचं त्यांचं भाषण) आटोक्यात असेल अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. मी सोडून.

आमचा उपग्रह गेला एकदाचा. तुमच्या दीपगृहाच्या बेटावर बातमीसुद्धा बोटीने येते, म्हणून मीच कळवतो. त्याच्या अंगावरचं सोनेरी पांघरूण मी शिवलंय. (वर उन्हात होरपळ, सावलीत गारठा, म्हणून पांघरूण. माझ्या धंद्याला नाक मुरडणाऱ्या आत्याला हे मुद्दाम सांग.) उपग्रह बांधतात तिथे शिवायची तऱ्हाच निराळी. कात्री, सुई, चिमटा, सगळं दावणीच्या वासरासारखं मनगटाला दोरीने बांधायचं, कारण आत काही राहिलं तर काढायला वर जाणार कोण? फक्त आजोबांचं पितळी अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतो ती टोपी, बोटात घट्ट बसतं म्हणून दोरीविना होतं.

रॉकेट उडालं तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये पडद्यासमोर होतो. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, मी डोळे पुसायला रुमाल काढला, आणि लक्षात आलं की एरवी रुमालात गुंडाळून ठेवतो ते अंगुस्तान त्यात नाही. शिलाईच्या पेटीत नाही, घरी नाही. वर त्या उपग्रहाची अँटेना छत्रीसारखी उघडायची होती. घडीत पितळेचा तुकडा अडकला तर छत्री मिटलेलीच राहणार आणि सगळ्यांची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. मी पेटी पुन्हा पुन्हा उपसत बसलो. आमच्या मुख्य इंजिनियर बाईंनी शेवटी विचारलंच, "शिंपीदादा, उपग्रह आमचा आणि घाम तुम्हाला?" मी म्हटलं, पांघरुणाची काळजी वाटते. बाई इतक्या भारावल्या की अँटेना उघडण्याच्या दिवशी मला पहिल्या रांगेत बसवलं. आगीतून फुफाट्यात.

अँटेना अर्धी उघडली आणि थांबली. बाईंनी शांतपणे उपग्रह जरा उन्हाकडे वळवला, आणि अंग शेकल्यावर म्हातारं माणूस पाय पसरतं तशी ती सावकाश पूर्ण उघडली. थंडीने आखडली होती, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

आता टॉवर नसला तरी साधा मोबाईल लागेल, भर समुद्रातल्या होडीतूनसुद्धा. तू पाण्याच्या टाकीवर चढून हात उंच करायची गरज नाही, गॅसपाशी उभी राहून बोल. (काकांना हे कळलं तर त्यांची भाषणं फोनवरही सुरू होतील; सांगायचं की नाही, ते तू ठरव.) काकांना नमस्कार.

तुझा,
भाचा

ता. क. तुला पाठवलेले पडदे मी पांघरूण शिवलं त्याच आठवड्यात शिवले होते. त्यांची खालची दुमड जरा चाचपून बघ. काही टणक लागलं तर उसवून जपून ठेव.

आणखी एक. चाचणीचा पहिला फोन तुला लावायचा मान बाईंनी मला दिलाय. तो सगळ्यांसमोर, स्पीकरवर होईल. अंगुस्तानाचा शब्दही काढू नकोस. सापडलं असेल तर नुसतं 'पडदे छान झालेत' म्हण. नसेल सापडलं, तरी तेच म्हण.