इथे थांबा, खालचे येतील

गुरुजी, तुम्ही ज्या वयात गेलात ते वय मी केव्हाच मागे टाकले आहे. तरीही तुम्हाला लिहिताना प्रत्येक वाक्य आधी ओठांत म्हणून पाहतो आणि मगच कागदावर उतरवतो. ही सवय तुम्ही शहापूरच्या शाळेत लावलीत. पुढे मी मराठीचा शिक्षक झालो, मुलांच्या वह्यांतील वेलांट्या दुरुस्त करता करता निवृत्त झालो आणि लोक मला आजही वाटेत थांबवून अर्जातली भाषा तपासायला देतात. पण आज मी भाषेविषयी लिहीत नाही. टोकावड्याला जाऊन आल्यापासून मनाला स्वस्थता नाही आणि ज्यांना विचारावे असे तुम्ही एकटेच होतात.

नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. निवृत्तीनंतर इतर लोक देवळाच्या विश्वस्त मंडळात शिरतात, तुम्ही वृंदगान बसवायला घेतलेत. शब्द तुमचे, चालही तुमची. गाणे भातसा आणि काळू या दोन नद्यांचे. भातसा आम्हा शहापूरच्या पुरुषांकडे, म्हणजे खालचा स्वर. काळू टोकावड्याच्या बायकांकडे, म्हणजे वरचा. आम्हाला तुम्ही शाळेच्या ओसरीवर शिकवत होतात, आणि रविवारी सरळगावात गाडी बदलून तिकडे जात होतात. दोन्ही वृंदांची एकत्र तालीम तुम्ही एकदाही घेतली नाहीत. "दुसऱ्याचं ऐकत शिकलात की दुसऱ्याकडे घसराल," असे तुमचे म्हणणे होते. स्वरलेखनालाही तुमचा विरोध होता. कागद हाती आला की कान निजतो, म्हणे. त्यामुळे वरच्या स्वरात काय आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि आमच्या वाट्याला जे आले होते त्याला चाल म्हणावे की नाही याचीच शंका होती. लांब, जड, एकाच जागी रेंगाळणारे स्वर. आमच्यातला पोस्टमन एकदा वैतागून म्हणाला, "गुरुजी, ह्ये गाणं नाय, म्हस रेकतेय नुसती." तुम्ही पेटीवरून हात न काढता म्हणालात, "रेकू दे. सुरात रेक." सापगावचा शेतकरी इतका हसला, की त्या दिवशीची तालीम तिथेच संपली. आणि तुम्ही आम्हाला एकच सूचना पुन्हा पुन्हा देत होतात: काहीही झाले तरी थांबू नका.

मुरबाडच्या शाळेतील सभागृहात ते गाणे एकदाच झाले. कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला होता, तो तुम्ही बंद करायला लावलात. मी पुढच्या रांगेत उभा आहे. बायकांचा स्वर डोक्यावरून जातो आहे आणि मी घसरू नये म्हणून समोरच्या खिडकीच्या गजाकडे पाहत फक्त माझ्या ओळीला धरून आहे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी वरचा स्वर एकाएकी बंद पडतो. सभागृहात आमचेच आवाज उरतात. बायका चुकल्या असे मला वाटले आणि ते झाकण्यासाठी मी आवाज चढवला. क्षणभराने त्या पुन्हा आल्या आणि गाणे संपले.

कार्यक्रमानंतर एसटी स्टँडवर चहा घेताना मी तुम्हाला म्हणालो, "बायकांनी मध्येच सोडलं. मी सावरून घेतलं." तुम्ही बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिलात. मग म्हणालात, "तुझी चूक एकही झाली नाही. पण तू एकटा गात होतास." पहिले वाक्य मी प्रशस्तिपत्रासारखे घरी आणले. दुसरे मुरबाडलाच राहिले. पुढे तुम्हाला कल्याणला दवाखान्यात नेले. निघताना तुम्ही तुमची सूरपेटी माझ्या हाती दिलीत. "उघडत जा अधूनमधून. भाता आखडतो." तुम्ही परत आला नाहीत. वृंद पांगला. पोस्टमन गेला, वाशिंदच्या कारखान्यातला फिटर मुलाकडे राहायला गेला, सापगावच्या शेतकऱ्याला आता ऐकू येत नाही. सूरपेटी माळ्यावर राहिली.

यंदाच्या उन्हाळ्यात शाळेचे नवे मुख्याध्यापक घरी आले. त्यांना शाळेच्या सोहळ्यात मुलांकडून तुमचे गाणे म्हणवून घ्यायचे होते. "सर, ते तुम्हालाच येतं," असे ते म्हणाले आणि मी ते मान्य केले. दुसऱ्या दिवशी शाळेत गाऊन दाखवले. की-बोर्ड वाजवणारे तरुण शिक्षक बराच वेळ पट्ट्या चाचपत राहिले आणि शेवटी अवघडून म्हणाले, "सर, यात चाल कुठाय?" तेव्हा मला कळले, की मला गाणे येत नाही. गाण्याचा तळ येतो.

म्हणून सूरपेटी पिशवीत घालून टोकावड्याला गेलो. बायकांच्या वृंदात सर्वांत पुढे उभी राहणारी बाई तुम्हाला आठवत असेल. विहारात लहानपणापासून वंदना म्हणत आल्यामुळे एका श्वासात सबंध ओळ घेणारी. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. मला पाहून उठली.

"अगो बाय, सर? किती सुकलाव वो! घरात जेवाय देत नाय काय?"

मी कामाचे सांगितले. ती हसली. "त्ये गाणं? त्ये तर आमी दरसाली भाताच्या लावणीला म्हणतो. माज्या सुना बी म्हणतात." आणि सूप मांडीवर तसेच ठेवून तिने वरचा स्वर लावला. गुरुजी, तो मी पहिल्यांदा ऐकला. काय चाल होती! दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती थांबली. मी वाट पाहिली. ती माझ्याकडे पाहत होती.

"का थांबलात? शब्द आठवत नाहीत?"

"नाय वो. इथं तुमी येता ना."

"कोण आम्ही?"

"खालचे. गुरुजींनी सांगितलंय, इथं थांबा, खालचे येतील. आमी थांबतो."

"लावणीतसुद्धा?"

"लावणीत बी."

"पण तिथे खालचे कोणी नसतात."

"नसतात. मंग आमी तेवडा वेळ नुसत्या रोपं लावतो, आन पुढची ओळ घेतो." तिला यात विशेष काही वाटत नव्हते. "यावा की सर. परत म्हणते."

मी सूरपेटी उघडली. भाता आखडला होता. सूर फुटायला वेळ लागला. तिने ओळ घेतली आणि त्याच जागी थांबली. मी तोंड उघडले. स्वर लागला नाही. ती थांबून राहिली, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त, आणि मग माझ्यावरची नजर काढून पुढची ओळ तिने एकटीने पुरी केली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लावणीला या. बांधावर उभं ऱ्हावा. चिखलात नका उतरू, नायतर बायकांना भात टाकून तुमालाच काढाय लागंल." मी येतो म्हणालो.

शाळेत मी दोन्ही स्वर आणि मधली ती जागा समजावून सांगितली. की-बोर्डवाले शिक्षक म्हणाले, "तिथं मी म्युझिक टाकतो, सर, रिकामं वाटणार नाही." मी नको म्हणालो. सोहळ्यात मुलांनी दुसरेच गाणे म्हटले आणि ते चांगले झाले.

तेव्हापासून मी रोज सूरपेटी उघडतो. भाता सैल झाला आहे, माझा गळा झालेला नाही. सराव करताना वरचा स्वर मनातल्या मनात म्हणतो, त्या जागेशी पोहोचतो आणि तिथे माझी ओळ घेण्याऐवजी त्या बायकांबरोबर थांबतो. मुरबाडला त्या चुकल्या नव्हत्या, त्यांनी आमच्यासाठी वाट मोकळी केली होती, हे तुम्ही मला स्टँडवर सरळ का सांगितले नाहीत? मी समजून घेईन असे तुम्हाला वाटले, की घेणार नाही असे वाटले? या प्रश्नाचे उत्तर मला हवे आहे आणि त्याची भीतीही वाटते.

भात आता पोटरीला आले आहे. लावणी केव्हाच आटोपली. आषाढात मी एकदा पिशवी घेऊन शहापूरच्या स्टँडवर गेलो होतो. गाडी लागली, भरली आणि सुटली. मी बाकावर बसून होतो. त्या दिवशीही त्या थांबल्या असतील.

हे पत्र सूरपेटीखाली ठेवीन. पुढच्या वर्षी नक्की जाईन, असे एक वाक्य मी याच ठिकाणी लिहिले होते. वाक्य शुद्ध होते. खोडले आहे.