मागच्या चाकांना जागा

३ ऑगस्ट, शनिवार
टायर आले. दोन. ड्रॅग रेसचे, म्हणजे सरळ पट्टीवरच्या सुसाट शर्यतीचे, खास मागच्या चाकांचे. रुंदी अशी, की बायकोला वाटलं बाल्कनीसाठी स्टुलं आणली. जुन्या धावपट्टीवर रेस १ सप्टेंबरला. नाव नोंदवलं. गेल्या वर्षी मेव्हणा तिथे दुसरा आला, तेव्हापासून घरी जेवायला आला की भाजी वाढून घेताना सुद्धा रेस सुटल्यासारखं 'लॉन्च' म्हणतो. यंदा त्याची जिरवायची.
घरी रेसचं सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन.

४ ऑगस्ट, रविवार, सकाळ
टायर बसत नाहीत. चाक ज्या पोकळीत फिरतं, ती पोकळीच लहान. गाडी बनवणाऱ्यांना दूरदृष्टी नाही. आधी मोजलं का नाही, असं बायकोने विचारलं. मोजत बसणारे रेस जिंकत नाहीत, असं मी तिला सुनावलं. मनात. तोंडाने दुकानदाराला दोष दिला.
संकल्प: रोज ऑफिसनंतर एक तास गाडी. एकच तास. महिनाअखेरीस मुलीला हॉस्टेलवर सोडायचं आहे. त्याच्या कितीतरी आधी काम उरकेल.

६ ऑगस्ट, मंगळवार
व्हिडिओ पाहिला. चाकावरच्या कमानीची आतली कड दाबून सपाट केली की टायरला जागा होते. याला पत्रा लाटणं म्हणतात. म्हणून स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. ते टायर आणि कमान यांच्यामध्ये अडकवायचं आणि गाडी पुढेमागे ढकलायची. मुलीने ढकलली, मी मार्गदर्शन केलं.
लाटण्याचे दोन तुकडे. रंगाचे पोपडे निघाले. बायकोने तुकडे उचलून ओट्यावर ठेवले. समजूतदार आहे. जेवायला ब्रेड होता.

१० ऑगस्ट, शनिवार
डेंटिंगवाल्याला दाखवलं. म्हणाला, नुसती कड दाबून भागणार नाही, आतली पोकळीच कापून मोठी करावी लागेल, मग डिकी आणि मागची सीट विसरा. शिवाय आत्ता हात रिकामा नाही, दिवाळखोरीत निघालेल्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या लिलावाच्या बसेस रांगेत आहेत. या लोकांना साहस म्हणून नाही.
पत्रा कापायचा ग्राइंडर भाड्याने आणला.

११ ऑगस्ट, रविवार
उजवी बाजू कापली. ठिणग्या छान उडतात. शेजारचे निवृत्त फायर ऑफिसर खुर्ची टाकून समोर बसले, मांडीवर आग विझवायचं सिलिंडर घेऊन. अख्खा वेळ कौतुकाने पाहत होते.
मध्ये एक नळी आली. वाकवून बाजूला केली. गाडीत अनावश्यक वस्तू फार असतात.

१३ ऑगस्ट, मंगळवार
ती नळी पेट्रोलची होती. भरताना आता थेंबथेंब जातं. पंपावर मागच्यांनी हॉर्न वाजवून वात आणला. लोकांत संयम उरलेला नाही.

१८ ऑगस्ट, रविवार
डावी बाजूही झाली. सीट काढल्यामुळे आतून थेट रस्ता दिसतो. संध्याकाळी डेंटिंगवाला नवा पत्रा वेल्ड करायला आला. भोकातून हात आरपार घालून पाहिला, मग विचारलं, हे कुणी केलं. आधीच्या मालकाने, म्हणालो. गाडी आम्ही कोरी घेतली होती, हे सांगायला बायको नेमकी तेव्हाच चहा घेऊन आली.
असो. टायर बसले! मागून गाडी अशी दिसते, की दोन पहिलवानांनी लहान मुलाला बखोटीला धरलंय. मला तरी भारदस्त वाटते.

२४ ऑगस्ट, शनिवार
डिकीत आता एक पर्स मावते. मुलीचं सामान कुठे ठेवायचं, असं बायकोने विचारलं. वजन कमी झाल्याचे फायदे मी सविस्तर समजावले. रेसचंही सांगून टाकलं. यापेक्षा योग्य वेळ मिळाली नसती. मुलगी उठली, पुस्तकांचा खोका दारातून पुन्हा आत घेऊन गेली.
बायकोने भावाला फोन केला. हॉस्टेल लांब, तिथे राहून सगळं लावून द्यायचं, म्हणजे त्याची रेस हुकणार. तो लगेच हो म्हणाला. घाबरला असावा.

३१ ऑगस्ट, शनिवार
मुलगी गेली. मामाच्या गाडीतून. बायको पुढे, मुलगी मागे, गाद्या, बादली, टेबललॅम्प सगळं व्यवस्थित. निघताना म्हणाली, "बाबा, सामान सगळं मावलं. तुम्हीच मावला नाहीत." विनोदबुद्धी माझ्यावर गेली आहे.
मी मागोमाग आमच्या गाडीने जाणार होतो. पहिल्याच वळणावर डावा टायर पत्र्याला घासला, रबर जळल्याचा वास आला. उद्यासाठी टायर जपायला हवेत, म्हणून परतलो. तिने मागच्या काचेतून हात हलवला असणार. गाद्यांमुळे दिसलं नाही.
घर फार शांत आहे. सरावाला उत्तम.

१ सप्टेंबर, रविवार
रेस झाली. नियमाप्रमाणे आधी जागेवर चाकं फिरवून टायर तापवायचे होते. ॲक्सिलरेटर दाबला. धूर निघाला, पण पुढून. मागची चाकं ढिम्म. एक अधिकारी आला, वाकून पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "साहेब, या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. मागची नुसती सोबत येतात. तुम्हाला माहीत आहे ना?"
अर्थात, म्हणालो.
हिरवा दिवा लागला. पुढचे जुने टायर घसरत राहिले, मागचे घासत राहिले. मी पोचलो तेव्हा शेजारच्या लेनचा माणूस हेल्मेट काढून पाणी पीत होता. टाळ्या मात्र मला जास्त पडल्या.

३ सप्टेंबर, मंगळवार
रेसचा व्हिडिओ मुलीच्या हॉस्टेलपर्यंत पोचला. खोलीतल्या सगळ्या मुलींनी पुन्हा पुन्हा पाहिला म्हणे. हे आपले बाबा आहेत, असं तिने कुणाला सांगितलेलं नाही. प्रसिद्धी तिला आवडत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार
बायकोने नवी गाडी बुक केली. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर. शोरूममध्ये मी मागच्या चाकापाशी नुसता वाकलो होतो. बोटं फक्त कमानीत घातली होती. तिने सेल्समनला मला कॉफीच्या मशीनजवळ बसवायला सांगितलं. कॉफी बरी होती.
दुसरी किल्ली कुणाकडे असणार, असं फॉर्म भरताना सेल्समनने विचारलं. "माझ्या भावाकडे," ती म्हणाली.
मशीनच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, असं लिहिणार होतो. मशीन बंद होतं.