माझ्या नावाचा एक पॉइंट

५ जानेवारी २००९, सोमवार

हार्गेट बाईंचा फोन! कॉलेजात आम्हा खेळाडूंचा अभ्यास सांभाळणाऱ्या! पाच वर्षांनी! मी तळ्याच्या बांधावर, ट्रकमधून माशांना खाद्य फेकत होतो. "लव्हेल बाळा, कसा आहेस? गुडघा काय म्हणतो?"

गुडघा! पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये फुटबॉलच्या सरावात तो फाटला, तेव्हा बाईंना माझा नंबर सापडत नव्हता. मी घरी पाय वर करून पडलो, तीन विषयांत नापास झालो, जूनमध्ये दोन ओळींचं पत्र आलं — स्कॉलरशिप पुढे चालू राहणार नाही. दोन ओळी! त्यातल्या एकीत माझं आडनाव चुकलेलं.

आता म्हणे, ये आणि डिग्री पूर्ण कर. तीनच विषय राहिलेत. फी कॉलेजची, पुस्तकं कॉलेजची, पेट्रोलसुद्धा कॉलेजचं. मी विचारलं, "बाई, एवढी दानत कशी? कोण गेलं?" नुसत्या हसल्या. परवा भेटायला ये म्हणाल्या.

७ जानेवारी

खेळाडूंच्या अभ्यासासाठी नवी इमारत झाली आहे. काचेच्या भिंती, चामड्याच्या खुर्च्या. पुस्तकं दिसली नाहीत, पण हेल्मेटं पुष्कळ होती. बाई पूर्वीपेक्षा थकल्यात. मला मिठी मारली आणि लगेच फाईल उघडली.

नियम असा आहे. प्रत्येक स्कॉलरशिपवाल्या खेळाडूमागे दर सत्राला दोन पॉइंट. एक पास होण्याचा, एक कॉलेजात टिकण्याचा. संघाची बेरीज ठरलेल्या रेषेखाली गेली की स्कॉलरशिपा कापतात. मी नापास झालो आणि निघूनही गेलो — दोन्ही पॉइंट बुडवले. संघ यंदा रेषेच्या खाली आहे. किती खाली? एका पॉइंटने! आणि जुना खेळाडू परत येऊन पदवीधर झाला तर त्याचा एक पॉइंट परत मिळतो.

म्हणजे मी माणूस म्हणून नाही, पॉइंट म्हणून हवा आहे. एकशे चाळीस किलोचा पॉइंट!

जोनेटाला सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "बरं झालं. इतकी वर्षं नुसता नवरा होतास." मग सुरी खाली ठेवली. ती कोर्टाच्या कचेरीत कारकून आहे, रोज माणसांच्या सह्या बघते. "लेखी घे. तोंडी काही नको."

९ जानेवारी

लेखी मिळालं. बाईंनी माझ्यासमोर घाईघाईत टाइप केलं, वर्ग सोमवारपासून आहेत ना! क्रीडा संचालकांची सही आणली. 'पदवी मिळेपर्यंत श्री. पेटवे यांची फी व पुस्तकांचा खर्च विभाग करेल.' यंदा आडनाव बरोबर आहे. जोनेटाने पत्र बायबलमध्ये ठेवलं.

१५ जानेवारी

माझा विषय — मनोरंजन व्यवस्थापन. पहिला गृहपाठ: 'आठवड्यातला मोकळा वेळ तुम्ही कसा घालवता?' पहाटे चारला उठतो, तळी बघतो, ट्रक चालवतो, तासभर गाडी हाकून कॉलेजात येतो. कागद कोरा दिला.

२२ जानेवारी

कोऱ्या कागदाला ए ग्रेड! खाली शेरा: 'प्रामाणिक.'

३ फेब्रुवारी

वर्गाच्या दाराला काच आहे. वर्ग सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी तिथे एक चेहरा येतो — हातात यादी, खेळाडू बसलेत की नाही ते मोजतो आणि जातो. तेव्हाही यायचा, आताही येतो. मी सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला, दाढीत एक पांढरा केस. तरी यादीत आहे! आज त्याला हात केला. बिचारा दचकून पळाला.

माझ्या शेजारी दोन बचावपटू झोपतात. झोपलेला माणूस हजर धरतात.

१९ फेब्रुवारी

आज बाईंना विचारलंच. "मला मत्स्यशास्त्रातून का काढलं होतं?"

कारण मी आलो होतो मासे शिकायला. बाबा तळ्यांवर राबले, मला त्या पाण्यात काय चाललंय ते कळायला हवं होतं. रसायनाचं प्रॅक्टिकल दुपारी तीनला. सरावही तीनला. प्रॅक्टिकल दोनदा सोडलं. मग नियम आडवा आला — चौथ्या वर्षाच्या आधी निम्मी पदवी पूर्ण झालेली हवी, नाहीतर मैदान बंद. माझी भरली सत्तेचाळीस टक्के. बाईंनी एका मंगळवारी मला उचलून मनोरंजनात ठेवलं. तिथे माझे सगळे सटरफटर विषय खपले. एकाहत्तर टक्के! एक पान न उलटता मी हुशार झालो, आणि शनिवारी खेळलो.

बाई म्हणाल्या, "बाळा, मी तुझी स्कॉलरशिप वाचवली."

"किती महिने?"

बाईंनी चष्मा पुसला. 

१० मार्च

आज मनोरंजनाचा वर्ग रद्द होता. (प्राध्यापक मनोरंजनासाठी समुद्रावर गेलेत.) पाय आपोआप मत्स्यशास्त्राच्या इमारतीकडे वळले. तोच वास, टाक्यांच्या पंपांचा तोच आवाज. एका वर्गात मागे जाऊन बसलो. कोणी हटकलं नाही, बहुतेक टाकी दुरुस्त करायला आलेला वाटलो.

व्होलर बाई शिकवत होत्या. पडद्यावर कापलेला मासा, रक्त चहासारखं तपकिरी. "असं दिसलं तर शेतकऱ्याने काय करायचं?" 

माझं तोंड बंद राहील तर ना! "मीठ टाकायचं. तळ्यात नायट्राइटचं विष वाढलंय."

सगळी डोकी मागे वळली. व्होलर बाईंनी विचारलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"मेलेल्या माशांनी."

नंतर त्यांनी थांबवून घेतलं. नाव विचारलं, तळ्यांबद्दल विचारलं, अर्धा तास! मिठाने नेमकं काय होतं ते फळ्यावर काढून दाखवलं. इतकी वर्षं मी मिठाची पोती रिकामी करतोय आणि ती कशासाठी ते आज कळलं. गाडीत बसून रडलो. इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

१२ मार्च

व्होलर बाई म्हणतात, माझे जुने विषय धरले तर मत्स्यशास्त्राची पदवी दोन वर्षांत होईल. दोन वर्षं! फी कुठून आणू?

१८ एप्रिल, शनिवार

वसंत ऋतूतला सराव सामना. मला खास पास, व्हीआयपी तंबूत तळलेलं चिकन. नव्या कोचने हात हलवला — "आमचा हिरो! लमार, तुझा आम्हाला अभिमान आहे!" मी लव्हेल म्हटलं. "तेच ते," म्हणाला.

हार्गेट बाईंना बाजूला घेतलं. मनात खुपत होतं. "मी पास झालो नाही तर कोणाची स्कॉलरशिप जाईल? खरं सांगा."

बाईंनी हनुवटीनेच दाखवलं. तंबूच्या तोंडाशी गाड्यांच्या शोरूमचा मालक उभा होता, ज्याच्या नावाचा फलक मैदानावर आहे. त्याचा मुलगा तिसऱ्या क्रमांकाचा किकर. चेंडूला अजून त्याचा पाय लागलेला नाही. "वाचलेली स्कॉलरशिप त्या मुलाला द्यायचं ठरलंय," बाई म्हणाल्या. "ओठ हलवू नकोस, तो बघतोय."

मी आणखी चिकन घेतलं.

१९ एप्रिल

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी संघाच्या बेरजेसाठी प्रार्थना सांगितली! सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. घरी येऊन जोनेटाला फी, दोन वर्षं, व्होलर बाई, सगळं सांगितलं. तिने बायबल उघडलं. मला वाटलं वचन काढतेय. तिने पत्र काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"वाच. कोणती पदवी ते लिहिलंय का?"

२२ एप्रिल

तिन्ही विषयांत पास होणार असं दिसतंय. आता फक्त पदवीचा अर्ज. तो भरल्याशिवाय पदवी नाही, पदवीशिवाय पॉइंट नाही. मुदत शुक्रवार. हार्गेट बाईंचे आज चार फोन. कोचचा एक — लमारसाठी.

२४ एप्रिल, शुक्रवार

पदवीचा अर्ज भरला नाही. विषय बदलण्याचा भरला. बाईंनी तो वाचला, मग जोनेटाने काढून दिलेली पत्राची नक्कल वाचली. "बाळा, हे पत्र कोणी लिहिलं?" मी म्हटलं, "तुम्हीच." बाईंनी पत्राची घडी घातली. मग पेन उघडलं आणि सही केली.

जूनपासून रसायन. प्रॅक्टिकल दुपारी तीनला.