सुनेसाठी बाळाचं चित्र मागवलं त्याची हकीकत

डिंगोरे, ता. जुन्नर
१९ डिसेंबर १९९८

प्रिय डॉक्टर अमृतराव,

साडूला साडूचा रामराम. घोडेगावात तुमची आणि मेव्हणीबाईंची प्रकृती ठीक असेलच. नसली तरी डॉक्टरला विचारायचं कुणी? इकडे सगळे ठणठणीत. फक्त तुमच्या पुस्तकानं घरात जे घडवलं ते ऐका.

आमच्या सुनेला, हर्षालीला, सातवा सरला. मागच्या खेपेला पाचव्यात दगा झाला हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हापासून पोरगी ओटा उतरतानाही श्वास रोखते. म्हणून सारजानं (म्हणजे तुमच्या थोरल्या मेव्हणीनं) हुकूम सोडला, की तिच्या नजरेसमोर गोंडस बाळ पाहिजे. घरातला बाळकृष्ण निघाला खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवरचा, लोण्याच्या मडक्याशेजारी युरियाची गोणी. तेव्हा मी तुम्हाला निरोप धाडला, सुनेला बघायला बाळाचं चांगलं चित्र द्या. तुम्ही एसटीच्या कंडक्टरबरोबर दिलंत दोनशे वर्षांपूर्वीचं विलायती पुस्तक. बाळच होतं, तक्रार नाही. फक्त अंगावर मांस नव्हतं.

सारजानं उघडलं तर चिमुकला सांगाडा, कमरेवर हात ठेवून, निवडून आलेल्या सरपंचासारखा उभा! "तुमचा साडू डाक्टर हाय का मांत्रिक? घरात पोटुशी बाई, अन् हा हाडं धाडतो!" पुस्तक गोठ्यात कडब्याखाली गेलं. (कडबा वर मीच सारला.)

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षाली दिसेना. बघतो तर गोठ्यात पेंडीच्या पोत्यावर बसून पुस्तक वाचतेय, म्हणजे बघतेय. ती भाषा तिला येत नाही आणि मलाही. मीही डोकावलो, अन् खरं सांगतो डॉक्टर, तिथंच उभा राहिलो. तो चित्रकार कोण होता देव जाणे, पण माणूस मोठा. केसाएवढ्या बारीक रेघा. पोटातल्या बाळाची हाडं महिन्यामागून महिना मांडलेली. आधी मधोमध तांदळाएवढा ठिपका, मग दोन्ही टोकांकडं वाढत जाणारं हाड. गुडघ्याला वाटी अजून धरलेली नाही, तर तिथं त्यानं जागा मोकळी सोडलीय. जे नाही ते काढलं नाही. आपल्याकडच्या सरकारी अहवालांना हे कधी जमायचं?

"मामा, पाचव्यात येवढुसं व्हतं," ती म्हणाली, आणि पान उलटून, "अन् आता बघा." पोटावर हात ठेवून पोरगी वर्षभरात पहिल्यांदा हसली.

सारजा ओरडायला आली ती खालीच बसली. "आतल्या आत येवढं चालतं व्हय! मी दोन लेकरं जन्माला घातली, मला कुणी सांगितलं न्हाई." आता रोज दुपारी सासू-सुना पुस्तक घेऊन बसतात. गुडघ्याची वाटी भरावी म्हणून सारजानं नाचणीची पेज दुप्पट केलीय. ती वाटी जन्मानंतरही दोन-तीन वर्षं भरत नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. आता तिलाही तुम्हीच सांगा, माझी छाती नाही.

तुमचा,
कुंडलिक

ता. क. पुढच्या रविवारी पुस्तक न्यायला येताय असं कळलं. येऊ नका. पोरगी सुखरूप मोकळी होईपर्यंत ते इथंच राहू द्या, एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी एक ता. क. पुस्तक दिलंत तसं परत मिळणार नाही. आठव्या महिन्याच्या त्या बाळाला सारजानं काजळाची तीट लावलीय. गाल नव्हता, म्हणून हाडावरच. मी ओल्या फडक्यानं पुसायला गेलो, तर हर्षालीनं माझा हात धरला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामा. त्याला कुणाची नजर लागाया नको."