बिनवासाचे दिवस

गुरु., १३ नोव्हें.
सकाळी: कॉफी पावडर – नाही. लवंग – नाही. कापूर – नाकात गार लागलं, वास नाही. दिवस बाविसावा. ताप तीन दिवसांत गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टरचं तेच ते. "येईल परत. कधी, ते सांगता येत नाही."

मेटगळ्ळीच्या कारखान्यात दिवसभर नाटक. कागदाची पट्टी अत्तरात बुडवायची, नाकाखाली हलवायची, डोळे मिटायचे. बारा वर्षांची सवय, डोळे आपोआप मिटतात. उदबत्तीचं कुठलं मिश्रण बाहेर जाईल नि कुठलं नाही, हे माझं नाक ठरवतं. म्हणजे ठरवायचं. मागच्या आठवड्यात मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, उदबत्त्या नुसत्या रंगावरून नि अंदाजानं पास केल्या. माल दुकानांत गेलासुद्धा.

आणि आज रुक्कू म्हणते, "सोमवारी नवं चंदन ठरवूया, शालू. डब्यावर तुझं नाव घालणार मी, 'शालिनी चंदन'. नको-बेडा काही म्हणू नको, ऐकणार नाही." कॉलेजपासूनची मैत्रीण, मालकीण नंतर झाली. "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मोहनला तेवढं ठाऊक. "सांगून टाक तिला," म्हणतो. नवऱ्यांना सगळं सोपं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शुक्र., १४
गिरिजाचा फोन. एच. डी. कोटे रोडवरचं शेतघर दोन दिवस घेतलंय. शनि. चित्रं, रवि. वाईन. आम्ही तिघी मैत्रिणीच, रुक्कू धरून. सर्दी झालीय म्हणून बघितलं. गिरिजा: "छे! तुझ्याशिवाय वाईनचं कोण सांगणार? आम्ही आपलं गोड की आंबट एवढंच." पुण्याची ती, सहा वर्षं झाली म्हैसूरला येऊन, अजून आमच्या मराठीला हसते.

पाच मिनिटांत रुक्कूचा फोन. "सर्दी? नाकाला जप ग, सोमवार आहे."
आता नाही गेले तर संशय. बॅग भरली.

शनि., १५
लवंग – नाही.

शेतघर छान. व्हरांड्यातून कबिनीचं पाणी दिसतं. गिरिजानं म्हैसुरी चित्रकला शिकवली, ती इथं येऊनच शिकलीय. लक्ष्मीच्या मुकुटावर सोन्याचा वर्ख लावायचा. वर्ख इतका पातळ की श्वासानंही उडतो. रुक्कूचा दोनदा उडाला, केसांत गेला. माझा पहिल्या झटक्यात बसला. श्वास धरून बसायची मला बरीच सवय झालीय. तासभर खरंच सगळं विसरले होते, नाक, सोमवार, सगळं. खूप दिवसांनी हसले.

दिवेलागणीला गिरिजानं उदबत्ती लावली. रुक्कूनंच आणलेली, मल्लिगे. माझी, अंदाजाची. मी धुराकडे बघत बसले. धुरावरून काय कळणार, कपाळ? रुक्कू उठली, खिडकी उघडली, परत येऊन बसली.
"उकडतंय?" मी.
"हं, स्वल्प."
थोडंसं उकडतंय म्हणे. नोव्हेंबरात, पाण्याकाठी! की खरंच उकडत होतं? चोराच्या मनात चांदणं. जेवताना तिच्या तोंडाकडे इतक्यांदा बघितलं की शेवटी म्हणाली, "काय लागलंय माझ्या तोंडाला?"

रवि., १६
लिहायची इच्छा नाही. लिहिते.

अकरा वाजता व्हरांड्यात टेबल मांडलं. नंदी डोंगराकडच्या चार बाटल्या. शेतघराचे शिवण्णा ओतत होते. ग्लास फिरवा, हुंगा, मग घोट. जिभेला आंबट नि तुरट एवढंच, दोन्ही वेळा. पहिल्या दोन निभावल्या. रुक्कू अर्धं बोलायची, मी पुरं करायची. "काहीतरी फळासारखं..." "पेरू," मी. "कर्रेक्ट!" गिरिजानं टाळ्या वाजवल्या.

तिसरी ओतून शिवण्णा पाणी आणायला आत गेले. रुक्कूनं हुंगलं, कपाळाला आठी. मग ग्लास खाली धरून माझ्याकडे बघत राहिली. गिरिजाही. मी डोळे मिटले.
"छान आहे. ओलं लाकूड. मागून पिकलं जांभूळ."
"हौदा? खरंच? मला गोणपाटासारखं येतंय ग. भिजलेल्या."
"तेच ते. तुला सवय नाही."

हे का बोलले? नुसतं छान म्हणून गप्प बसता आलं असतं. तिला सवय नाही म्हणे! उदबत्तीवाल्यांच्या घरात जन्मलेली ती.

रुक्कूनं "तू म्हणतेस तर..." म्हणून ग्लास संपवला. अख्खा.

शिवण्णा आले, बाटली नाकाशी नेली. "अय्यो, बेडा अम्मा, कुडीबेडी! पिऊ नका. हाळागिदे, खराब झालीय. बुचाला बुरशी." ग्लास भराभर उचलले. गिरिजा पोट धरून हसली. "शालूचं नाक सुट्टीवर! एरवी वासाचं नाव काढलं की नाकानं कांदे सोलते!" सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. रुक्कू हसली नाही. चौथी बाटली तिनं घेतलीच नाही.

येताना गाडीत रुक्कू पुढे गिरिजाशेजारी बसली. सगळी वाट रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलत होती. मी मागे. माझं घर आल्यावर काच खाली करून एवढंच, "उद्या दहाला ये."

सोम., १७
दिवस सव्विसावा. आज काही हुंगून बघितलं नाही.

तिच्या खोलीत ती एकटीच. टेबलावर तीन पट्ट्या, चंदनाची तीन मिश्रणं. दार तिनं लावून घेतलं. मी पहिली पट्टी उचलायच्या आत हळूच म्हणाली, "मला मधली बरी वाटते. तुला?"

मधली हातात घेतली. वाट करून देत होती, की मी कुठवर जाते ते बघत होती? अजून कळलेलं नाही. "हो, मधली," म्हटलं असतं तर एका मिनिटात काम झालं असतं. डबा, नाव, सगळं. पण कालचा ग्लास डोळ्यांपुढून जाईना.

"रुक्कू, मला वास येत नाही. सव्वीस दिवस झाले."

ओरडेल वाटलं होतं, त्याची तयारी करून गेले होते. ती खुर्चीत बसली नुसती.
"माझं नाक सांगत होतं ग. तरी तू म्हणालीस म्हणून प्यायले."
मी पट्टी टेबलावर ठेवली.
"मल्लिगे?"
"अंदाजानं."
"खिडकी उघडली मी. मत्ते, मग वाटलं, आपलंच चुकतंय. शालूनं पास केलंय ना."

यावर रडू आलं. तिनं पाण्याची बाटली पुढे सरकवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. फोन उचलला, एकेका दुकानाला सांगायला लागली, मल्लिगे परत पाठवा. चौथ्या फोनला मी बाहेर आले. बायका काड्या वळत होत्या. कुणी मान वर केली नाही. तिनं थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. घरी आले.

मंगळ., १८
कामावर गेले नाही. जायचं की नाही, तेच ठाऊक नाही. मोहन: "बरं झालं सांगितलंस." बरोबर आहे त्याचं. तरी जेवणाचा डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

साडेअकराला रुक्कू. "वही घेऊन ये." फोन ठेवला.

वही म्हणजे माझ्या मिश्रणांची. कशात काय, किती थेंब, किती दिवस मुरवायचं. बारा वर्षांचं सगळं त्यात. अक्षर नि खुणा अशा की दुसऱ्या कुणाला ओ की ठो कळणार नाही. मी हवीय की वही, ते विचारायला तोंड उघडलं तोवर फोन बंद झाला होता. परत लावायचं धाडस नाही.

बसले नि पानं सुवाच्य करायला घेतली, तिला वाचता यावीत म्हणून. मोगरा झाला, केवडा झाला, गुलाब झाला. चंदनाच्या पानाशी आले नि पेन ठेवलं. ते करत नाही. चंदनापासून पुढचं सगळं तसंच नेते, ते वाचायला मी लागेन.

रिक्षावाला आलाय खाली. हॉर्न देतोय.