तांबड्याची खोट

अण्णा, खोट तुमच्या तांबड्यातही होती. तुम्ही असतात तर हा कागद तुमच्या तोंडावर फेकला असता, पण तुम्ही वेळेवर सुटलात. चिकलठाण्याच्या घरामागे तुम्ही कारवानी कुत्री वाढवायचात, आणि तांबडा नर म्हणजे तुमचा जीव की प्राण. मला कधी तेवढं कुरवाळलं नाहीत. त्याची दोन पिल्लं वर्षाच्या आत आंधळी होऊन खाटेला धडकू लागली, तेव्हा तुम्ही पिल्लांच्या आईकडे बोट दाखवलंत. "नरात खोट नसती. हिचंच रक्त नासकं," म्हणालात, आणि भाकरी थापणाऱ्या आईकडे बघून, "बायांचं असंच असतंय." आईला तिसरीही मुलगीच झाली होती. तिची तव्यावरची भाकरी करपली. मग तुम्ही त्या कुत्रीला जीपमध्ये माझ्या मांडीवर बसवलंत आणि फर्दापूरच्या पुढे रस्त्यावर सोडलंत. ती जीपमागे धावते आहे, मी मागच्या काचेला नाक लावून रडते आहे, आणि तुम्ही तिचा पट्टा माझ्याकडे टाकता. "ठेव. दुसरीला होईल."

आता कुत्री मीच वाढवते, तांबड्याच्याच वंशातली. मागे गुलमंडीतले एक कापडवाले माझ्याकडून नेलेलं पिल्लू परत घेऊन आले. आंधळं झालेलं. डॉक्टरांनी त्याच्या आईबापाच्या गालांत कापसाची काडी फिरवून ती तपासणीला पाठवली. अहवाल आला: खोट दोघांतही आहे. एकाकडूनच आली तर पिल्लाला दिसतं, दोघांकडून आली तरच ते आंधळं होतं. म्हणजे तुमचा तांबडाही तेवढाच गुन्हेगार. मी खदाखदा हसले, अण्णा. आई असती तर तिला वाचून दाखवलं असतं.

परवा कापडवाले पुन्हा आले. "ताई, नर तर चांगला हाय ना? भावाला त्याचंच पिल्लू पायजे." अहवाल माझ्या मुठीत होता. नराला साऱ्या मराठवाड्यातून मागणी आहे. मी म्हटलं, "नर एक नंबर हाय. खोट कुत्रीत होती, तिला काढून टाकली." ती तेव्हा मागच्या अंगणात बांधलेली होती, माझा आवाज ऐकून कुईकुई करत होती.

अहवाल आणि हे पत्र कपाटाच्या तळाशी जातील. काल तिला घेऊन फर्दापूरला जाऊन आले. रस्ता पाठ होता. पट्टा मी आठवणीने काढून घेतला.